गणपूर्ती

नोटिशीत वेळ अकराची.
साडेअकरापर्यंत वहीत चार सह्या,
पाचवी ओळ कोरी.

विश्वस्त सात, गणपूर्ती पाच.
एक लेकीच्या बाळंतपणाला सुरतेला.
एक, सुलभा झोपे, सहा वर्षांपूर्वी वारली,
पण धर्मादाय कार्यालयात अजून हयात आहे;
बदल अर्जाला तारीख पडते, पुन्हा पडते,
आणि ती परिशिष्ट एकवर तिसऱ्या क्रमांकाला
पत्त्यासकट बसून.

चोपड्यात, पिठाच्या गिरणीवरची खोली.
खाली दादर दळत असते तोवर
वर कुणाचं कुणाला ऐकू जात नाही.
एवढ्या वर्षांतली आमची सगळी भांडणं
दोन दळणांच्या मधल्या वेळातली.
नव्या पुस्तकांवरही पीठ बसतं.
पार्सल बांधायच्या आधी मी पदराने पुसते.

कुमुद फेगडे, खजिनदार, जिल्हा बँकेतून निवृत्त.
घरचे केळीचा भाव विचारतात
तशी ही रोज कागदाच्या रिमचा विचारते.
हमीदा तडवी ऱ्हस्वदीर्घाची एक चूक सोडत नाही,
स्वतःचं नाव कुणी हमिदा लिहिलं
तर मात्र काही बोलत नाही.
ॲडव्होकेट मंदाकिनी बिऱ्हाडे. फी घेत नाही, चहा दोनदा घेते.
आणि ठगूबाई कोळी, चाळिशीनंतर सही शिकलेली.
हस्तलिखित आम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवतो.
ती दळण बघायला म्हणून खाली गेली
की समजायचं, प्रकरण लांबलंय.

पाचवी यशोदा वळवी, धडगावहून.
दहाला तिचा फोन: घाटात बस बंद,
दुसरी येईल तेव्हा येईल.
मग फोनही बंद.

मंदाकिनीने घटना उघडली. नियम चौदा:
अर्ध्या तासात गणपूर्ती न झाल्यास
सभा तहकूब करून त्याच जागी पुन्हा भरवावी,
तहकूब सभेस गणपूर्तीची आवश्यकता नाही.
हा नियम मीच टाइप केलेला,
कुठल्याशा दूध सोसायटीच्या पोटनियमांवरून उतरवून.
तेव्हा कुणी वाचलाही नव्हता.

विषय तीन: जिनिंगमधल्या बाईने लिहिलेलं,
पहिल्या पानापासून अहिराणीत.
तसंच छापायचं की आधी 'नीट' करून घ्यायचं?
दोघी इकडे, दोघी तिकडे.
यशोदाची बोली ना ही, ना ती.
मागच्या सभेत ती एवढंच म्हणाली होती,
मला दोन्ही शिकाव्या लागल्या.

बारा वाजले. नियमाप्रमाणे आता चालत होतं.
कुमुदने घड्याळाकडे पाहिलं, मग पासबुकाकडे.
ठगूबाई म्हणाली,
जवय ती यी, तवय सभा भरी.
मंदाकिनीने फाईल मिटली.

मग दिवसभर सभा नव्हतीच.
हमीदाने दोन फॉर्म तपासले.
चौदा पार्सलं बांधून झाली, सुतळी संपली.
कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.
भादव्याचं ऊन पत्र्यावरून सरकत
कपाटापर्यंत आलं, आणि गेलं.
सुलभाची खुर्ची कुणी हलवली नव्हती;
कुमुदने तिच्यावर पाय ठेवले,
थोड्या वेळाने काढून घेतले.

सव्वासहाला गिरणी थांबली.
इतकी शांतता झाली की
आम्ही चौघीपाचजणी उगाच हळू बोलायला लागलो.

सात वाजून दहा मिनिटांनी जिन्यात चपला वाजल्या.
यशोदाच्या हातात आमचूरची पिशवी, केसांत धूळ.
पाणी प्यायली. विचारलं,
कुठवर आलं?
कुमुद म्हणाली, सुरू करतोय.

मी आधीच लिहून ठेवलेले अकरा खोडले,
बाजूला आद्याक्षरं घातली.
उपस्थित: पाच.
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम.
हिशेब मंजूर, शिल्लक तीन हजार चारशे बारा.
विषय तीन:

इथे पेन थांबलंय.
शेवटची बस गेली केव्हाच.
न विकलेल्या प्रतींचे गठ्ठे भिंतीला सरकवून
हमीदाने चादरी अंथरल्यात,
आडव्या होऊनही दोघी इकडे, दोघी तिकडे,
यशोदा मधे, जागी.
सकाळी साडेसहाला खाली पट्टा फिरेल.
तोवर बोलून घ्यायचंय.